हॉल तिकिटाचा कोड

रिटायर झालेल्या नवऱ्याला सायबर सुरक्षेच्या व्याख्यानाला कधी पाठवू नये. आमचे हे सकाळच्या फिरायच्या ग्रुपबरोबर गेले आणि घरी आले ते ठाणेदार होऊनच. ताट वाढलेलं राहिलं बाजूला, हे घरातल्या साऱ्या अकाउंटांना दुहेरी कुलूप लावत बसले. म्हणजे आधी पासवर्ड टाकायचा, मग फोनवर कोड येणार, तो टाकला तरच आत प्रवेश. विजेचं बिल, गॅस, माझा मेल, एवढंच काय, माझ्या विद्यापीठाची साइटसुद्धा. आणि सगळे कोड यांच्याच फोनवर.

"माझा नंबर काहून नाही टाकला?" मी विचारलं.

"तू कोणालेही सांगून देशील वं. भोळी आहेस."

पोरांची लग्नं झाल्यावर मी एम.ए.ला नाव घातलं होतं. दोन वर्षं कुकरच्या शिट्या मोजत अभ्यास केला. परीक्षा उद्यावर आली आणि आज सकाळी हॉल तिकीट साइटवर आलं. ते नसलं तर गेटावरूनच परत पाठवतात. अन् हे मित्रांसोबत रामटेकला गेलेले! मी पासवर्ड टाकला आणि यांना फोन लावला.

"अहो, कोड आला असंल. सांगा पटकन."

"कोण बोलून राहिलं?"

"कोण म्हणजे? मी!"

"असं तर सगळेच म्हणतात. आजकाल आवाजाची नक्कल होते, नंबरचीही होते. सांग, लग्नात माझा कोट कोणत्या रंगाचा होता?"

"कोट कुठचा आला? थोरल्या भावाचा सफारी मागून घातला होता तुम्ही. त्याचीही बटनं लागत नव्हती!"

मागून मित्रांचं खो-खो हसणं ऐकू आलं. मेला फोन स्पीकरवर होता. हे चिडले.

"हे कोणीही अंदाजानं सांगंल. सांग, तू एम.ए. कोणत्या विषयात करून राहिली?"

"मराठी."

"चूक! इतिहास! पकडली का नाही?"

टाळ्या वाजल्या आणि फोन कटला. पुन्हा लावला, तर यांनी माझा नंबर ब्लॉक केलेला. आधी मला असा राग आला की काय सांगू. मग पुस्तक उघडून बसले, तर अक्षरं दिसेनात. कोड मिळाला नाही म्हणून मी रडत नव्हते.

संध्याकाळी हे छाती फुगवून आले. "आज एका बाईले चांगला इंगा दाखवला. सेम तुझा आवाज वं!"

मी यांच्या हातातून फोन घेतला, लॉगिन केलं, कोड टाकला आणि हॉल तिकीट यांच्या नाकासमोर धरलं. "मोठ्यानं वाचा."

यांनी माझं नाव वाचलं. विषयापाशी आले, 'मराठी' वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

"म्हणजे... फोनवर तूच होती?"

"मीच होते. आता सांगा, तुम्ही कोण?"