तराजूकाकांचा उजवा हात

दोन चादरी दोरीवर चढल्या होत्या. बाकीचं धुणं पिळे घालून टबात तसंच पडलं होतं, कारण सदऱ्यांतला साबण गेला नाही असं काकूंना वाटत होतं. "अहो, दोन बादल्या पाणी आणता का? पुन्हा एकदा खळबळून काढते," त्या म्हणाल्या. तराजूकाका गच्चीच्या कोपऱ्यातल्या नळावर गेले. दोन्ही बादल्या जुळ्या होत्या, एकाच दिवशी घेतलेल्या. दोन्ही त्यांनी आतल्या खाचेपर्यंत भरल्या, उचलल्या आणि चार पावलांवर थांबले.

उजवीकडची जड लागत होती.

त्यांनी बादल्या खाली ठेवून आत डोकावून पाहिलं. पाणी दोन्हीकडे खाचेला टेकलेलं. मग त्यांनी हात बदलले. डावीकडची बादली उजव्या हातात घेतली, तर आता तीच जड.

"काय हो, पाणी मोजून आणताय की काय?" काकूंनी हाक मारली.

काका बादल्या तिथेच सोडून कठड्याशी जाऊन बसले. सदरे साबणातच राहिले.

देव एखाद्याला गळा देतो, एखाद्याला नजर देतो. या माणसाला त्याने हात दिले होते. पार्सलच्या गोदामात आयुष्य गेलं. पेटी उचलली की तोंडातून आकडा बाहेर पडायचा, आणि मागून काट्यावर तोच यायचा. साहेब लोक पैजा लावायचे. कुणीतरी 'तराजू' म्हणालं आणि ते नाव चिकटलं. केस पिकल्यावर त्याला 'काका' जोडलं गेलं, एवढाच काय तो फरक. त्यांचं खरं नाव आता रेशनकार्डाला आणि काकूंनाच माहीत, आणि काकू ते घेत नाहीत.

निवृत्तीनंतर दर रविवारी ते बेकरीवाल्याबरोबर तळ्यावर मासे धरायला जायचे. होडी बेकरीवाल्याची, गळ ज्याचा त्याचा, आणि मासे कुणाच्याही गळाला लागोत, वाटणी अर्धी अर्धी. ती काका करायचे. काठाला लागलं की दोन पिशव्या, एक या हातात, एक त्या हातात. इकडचा मासा तिकडे, तिकडचा इकडे, आणि दोन्ही हात म्हणाले 'झालं' की झालं. उजव्या हातातली पिशवी बेकरीवाल्याची, कारण दुसऱ्याला द्यायचं ते उजव्या हाताने, असं त्यांच्या आईने लहानपणी शिकवलं होतं. डावीकडची आपली.

गेल्या वर्षी त्यांना एक बारीकसा झटका येऊन गेला. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, उजवा हात मात्र थोडा आळशी राहिला. शर्टाचं बटण लावायला वेळ लागायचा, एवढंच. एवढंच, असं ते समजत होते.

आता कठड्याशी बसून त्यांना सगळं उलगडत गेलं. अशक्त हाताला ओझं जास्त वाटतं. म्हणजे उजवी पिशवी भरली असं वाटायचं तेव्हा ती भरलेली नसायची. म्हणजे आजारातून उठल्यापासून, प्रत्येक रविवारी, जोडीदाराच्या पिशवीतला मासा यांच्या ताटात येत होता. आणि ज्याच्या नावातच तराजू, त्याने हे केलं होतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. हातातला सदरा टबात सोडला आणि म्हणाल्या, "मग सांगून टाका. देवाला तर ठाऊकच आहे. आता बेकरीवाल्या भाऊजींना कळलं की झालं."

"तुला सोपं वाटतं. तो म्हणेल, लेका, इतके दिवस माझं खाल्लंस. उद्यापासून होडीत दुसरा कुणी बसवेल."

"आणि नाही सांगितलं तर? येत्या रविवारी पुन्हा खाणार?"

"काटा आणतो," काका म्हणाले. "नुसतं बोलून काय, दाखवायला हवं."

"आणा. पण स्वस्तातला आणा. आणि स्वस्तातला म्हणजे तुमच्या त्या छत्रीसारखा नको, उघडली की मिटत नाही, मिटली की उघडत नाही."

दुपारी ते गळ-दोऱ्याच्या दुकानात गेले. खिशात साखरेचं न फोडलेलं एक किलोचं पाकीट. दुकान चालवणारी बाई त्यांना चांगली ओळखत होती. काटा हवा म्हटल्यावर तिने डोळेच विस्फारले.

"काका, तुम्हाला काटा? उद्या मासे पोहायच्या शिकवणीला येतील!"

"दाखव गं, चेष्टा पुरे."

"आधी हे सांगा." तिने शिशाच्या गोळ्यांची एक पुडी पुढे केली. दुकानात आलं की हा खेळ ठरलेला. काकांचा उजवा हात सवयीने पुढे गेला आणि त्यांनी तो तसाच खिशात घातला. पुडी डाव्या हातात घेतली. "पाव किलोला थोडी कमी." बाईने मागच्या तराजूत टाकून पाहिली आणि टाळी वाजवली. काकांच्या कानाला ती टाळी बरी वाटली नाही.

पहिला काटा स्प्रिंगचा होता, गोल तबकडीचा, पितळी झाकणाचा, पन्नास किलोपर्यंत तोलणारा. दिसायला राजबिंडा. साखरेचं पाकीट लावलं तर सुई जागची हलली न हलली.

"याच्यावर बकरी तोलावी," काका म्हणाले. "आमच्या तळ्यात बकऱ्या पोहत नाहीत."

दुसरा पेनासारखा लांबट. त्याचे आकडे बारीक आणि नीट होते, पण पाकीट काढल्यावर सुई शून्यावर जायलाच तयार नव्हती. टिचकी मारली तेव्हा गेली. "जावयासारखा आहे," बाई हसत म्हणाली, "उठवल्याशिवाय उठत नाही." तिसऱ्याला दिवा होता, मोजपट्टी होती, हवा किती तापली तेही सांगत होता. त्याची किंमत ऐकून काकांनी तो दोन्ही हातांनी जपून परत दिला.

शेवटचा काळ्या प्लास्टिकचा, सेलवर चालणारा, साबणाच्या वडीएवढा. पाकीट लावलं. आकडे नाचले, स्थिर झाले. एक किलोच्या वर तीस ग्रॅम.

"पाकिटाच्या कागदाचे धरा काही," बाई म्हणाली.

"तीस ग्रॅमचा कागद? त्यात साखर कशाला भरतील, कागदच विकतील." काकांनी पाकीट काढून पुन्हा लावलं. तीस. काटा हलवून लावलं, भिंतीकडे तोंड करून लावलं. तीस. मग पाकिटाच्या जागी पाण्याची भरलेली बाटली लावली, बाटली काढून पुन्हा पाकीट. तीसच.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. काटा चुकत होता, पण प्रत्येक वेळी तेवढाच चुकत होता. या पिशवीलाही तीस जास्त, त्या पिशवीलाही तीस जास्त. वाटणीत खोट येणार नव्हती. विकणाऱ्याला हा काटा उपयोगाचा नाही, वाटणाऱ्याला पुरेसा आहे. आपला हात मात्र एकाच बाजूला चुकत होता, आणि ती बाजू नेमकी आपल्या फायद्याची होती.

बाईने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. रिकामी ओली पिशवी लावून बटण दाबलं की तिचं वजन वजा होतं. आणि वजन स्थिर झालं की आकडा धरून ठेवतो, मग होडी कितीही डुलू दे. "ओल्या हाताने सेलचं झाकण मात्र उघडू नका," ती म्हणाली. काकांनी तोच घेतला.

रविवारी मासे बरे लागले. होडी काठाला आली. बेकरीवाल्याने नेहमीसारख्या दोन पिशव्या पुढे केल्या आणि तो दोरी बांधायला वळला. काकांनी नेहमीसारखीच हाताने वाटणी केली. दोन्ही हात म्हणाले 'झालं'. मग त्यांनी खिशातून काटा काढला.

"हे काय नवीन खेळणं?" बेकरीवाला म्हणाला.

"थांब. बघ फक्त." उजवी पिशवी लावली. डावी लावली. डावीत जवळजवळ अर्धा किलो जास्त होता. "अर्धा किलो माझ्याकडे जास्त. झटका आल्यापासून हे असं चाललंय, गड्या. मला परवा कळलं. तुझं मी खात आलोय."

बेकरीवाल्याने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अर्धा नसेल. थोडा कमी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? रोज पहाटे पावाचे गोळे तोडतो मी. काट्यावर टाकून तोडतो का? पिशवी हातात आली की मला कळत नाही?"

"आणि तू गप्प बसलास?" काकांचा आवाज चढला. "मला काय भीक घालत होतास?"

"भीक!" बेकरीवाल्याने दोरी खाली टाकली. "तू उठून पहिल्यांदा इथे आलास तेव्हा तुला वल्हं धरवत नव्हतं. गळाला आमिष मी लावून द्यायचो. तुझ्या हाताला म्हणून एकच काम राहिलं होतं, वाटणी. तेही काढून घ्यायचं होतं मी? माझ्या घरी खाणारे दोघं, त्यातल्या एकीला माशाचा वास सहन होत नाही. तूच सांग, मी कुठे उपाशी मरत होतो?"

"पण अर्धी म्हणजे अर्धी, असं ठरलं होतं."

"हो, ठरलं होतं."

"मग मला लाज आणलीस तू."

बेकरीवाला होडीतल्या पाटावर बसत म्हणाला, "हे खरं. ते माझ्या डोक्यात आलं नाही." आणि लगेच, "मग बसलास काय? कर सारखं. तुझ्या त्या डबीने कर."

काकांनी डावीतला एक मासा उचलून उजवीत टाकला. लावलं. आता उजवी जड झाली. तो काढून छोटा टाकला. डावी जड. छोट्याच्या जागी मधला टाकला, तरी डावी थोडी जास्तच. हाताने करायचे तेव्हा वाटणी दर रविवारी अगदी सारखी व्हायची. काट्यावर ती काही केल्या होईना. बेकरीवाला गुडघ्यावर कोपर टेकून बघत होता. "चाकू आणू का? शेपटी कापून दे इकडे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा काकांना हसू फुटलं.

शेवटी एक मध्यम मासा बाहेर काढून बाकीचे पुन्हा इकडचे तिकडे केले, तेव्हा कुठे दोन्ही पिशव्या दहा-वीस ग्रॅमच्या फरकाने जमल्या. काकांनी उजवी पिशवी उचलली आणि उजव्याच हाताने पुढे केली. जड लागली तरी केली. बेकरीवाल्याने ती घेतली, हातात एकदा झुलवली आणि मान डोलावली.

"आणि हा?" काकांनी फळीवर उरलेल्या माशाकडे बोट दाखवलं.

"तो ना तुझा, ना माझा. माझ्या बहिणीला दे. तिला गुडघ्यांमुळे बाजार होत नाही. तुझ्याच वाटेवर राहते."

"दर रविवारी एक उरणार मग."

"उरू दे की. तिचं नशीब."

काकांनी तो मासा कागदात गुंडाळला, काटा पुसून खिशात ठेवला आणि निघाले. ऊन वाढायच्या आत बेकरीवाल्याच्या बहिणीकडे जाऊन मासा पोचवायचा होता.