गाडी म्हणाली, श्वास सोडा

बाजार समितीच्या फाटकाशी एका टेम्पोने माझ्या गाडीचा आरसा फोडला आणि वर टेम्पोवाल्याचंच तोंड सुटलं, "डोळे गहाण टाकलेत का शेठ?" मी सीटखालचा पाना घेऊन उतरलो. तोही लोखंडी टॉमी घेऊन उतरला. त्याचं डोकं फोडायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात उघड्या दारातून गाडी बोलली. मुलीने बसवून दिलेली सोय आहे ती. माझे ठोके वाढले की मनगटावरचं घड्याळ गाडीकडे चुगली करतं. "चार मोजत श्वास घ्या. आता रोखून धरा."

रोखायला मला कुणी शिकवू नये. कांद्याच्या लिलावात मी उभा जन्म श्वास रोखूनच भाव पाडले आहेत. ज्याचा आधी सुटतो, तो हरतो.

"आता सावकाश सोडा," गाडी म्हणाली. गाडीचं ऐकून समोर टेम्पोवाल्यानेही श्वास रोखला होता. त्याची छाती खाली गेली आणि तिच्यासोबत टॉमीही. तो ओशाळून म्हणाला, "शेठ, तुमचाही सोडा की."

मी सोडला, पण त्याची टॉमी टेम्पोत पडल्यावरच. आरसा अजून बदललेला नाही. त्या फुटक्या काचेत रोज माझंच तोंड दिसतं, दातओठ खाणारं, श्वास धरून बसलेलं.