एकोणीस तासांच्या वाटेवरची पेज

सोळा वर्षं गोह सिओक खिमने एकाच विमानासाठी पेज शिजवली, आणि त्या पेजेचा एक घोटसुद्धा कधी घेतला नाही.

खिमला मी ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून ओळखतो. आमची हॉक्किएन या चिनी बोलीतली नाटक मंडळी सिंगापूरभर देवळांसमोर मांडव घालायची. मी म्हातारे सेनापती करायचो. दाढी कमरेपर्यंत आणि आवाज मांडवाबाहेर. खिमची आई मंडळीची आचारीण. खेळ देवासाठी, तसा पहिला घासही देवाचा. एकदा पोरीने पळीवरचं बोट चाटलं, तर आईने पळीच उगारली. "देवाला तुझं उष्टं वाढू होय गं?" त्या दिवसापासून खिम मीठ नाकाने ओळखायला शिकली. भांड्यावर वाकायची, डोळे मिटायची आणि मूठ सोडायची. जेवताना आम्ही कधी मीठ मागितल्याचं मला आठवत नाही.

पुढे प्रेक्षक आटले, मंडळी मोडली. खिम चांगी विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात लागली. तिथे विमानांचं जेवण शिजतं. तिच्या वाट्याला न्यूयॉर्कचं विमान आलं.

एकोणीस तास, मंडळी! आमचा सगळ्यात लांबलेला खेळ पाच तासांचा, आणि त्यातही अर्धे लोक पेंगायचे. इथे माणसं जेवतात, झोपतात, उठतात, पुन्हा झोपतात, आणि खाली समुद्र काही संपत नाही. अशा वेळी, पंधराव्या तासाला, वाफाळती पेज समोर येते. इथे शिजवलेली, गार करून चढवलेली, तिकडे आभाळात गरम केलेली. खिमने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या हातातली कॉफी निवून गेली.

वर गेलं की जीभ अर्धी मरते, हे तिला तिथल्या जुन्या आचाऱ्याने शिकवलं. म्हणून जमिनीवर खारट लागेल एवढं मीठ घालायचं. बाकीचे चाखायचे, तोंड वाकडं करायचे, आणि पुढच्या वेळी त्यांचा हात आखडायचा. खिम चाखायचीच नाही, त्यामुळे तिचा हात कधी आखडला नाही.

यंदा कंपनीने ठरवलं, न्यूयॉर्कची आठवड्याला सात विमानं होती, ती दहा करायची. स्वयंपाकघरात नवे साहेब आले, मिस्टर ऑलिवेरो. खिम तडक मी बसतो त्या कॉफीच्या दुकानात आली.

"हिया," ती मला थोरला भाऊ म्हणते, "साहेब म्हणतो, चाखून सही कर. नाहीतर दहाही विमानांत कारखान्याची पाकिटातली पेज."

"मग चाख की. एक चमचा तर आहे."

"नैवेद्य चाखू?"

"अगं, विमानातले लोक काय देव आहेत?"

"आभाळात बसून जेवतात. मी कोण ठरवणार, आहेत की नाहीत?"

मी तिच्यासाठीही एक कॉफी मागवली.

ऑलिवेरोने स्वतः तिची पेज चाखली होती. "आंटी, ही पेज आहे की समुद्र?" असं तो चारचौघांत म्हणाला. खिम एवढंच म्हणाली, "वर नेऊन बघा."

वर न्यायची सोय तिथेच होती. एक खोली आहे, विमानासारख्या खुर्च्यांची. दार लावलं की आतली हवा विरळ करतात, आभाळात असते तशी. चव घ्यायला वयस्क माणसंही हवी होती, म्हणून खिमने मला नेलं.

दार लागलं. कानात दडे बसले, तोंड कोरडं पडलं. मी खुर्ची घट्ट धरली. जमिनीवर बसून आभाळात होतो मी! पहिली वाटी कारखान्याची. ओलं कापड चावल्यासारखी. दुसरी खिमची. पहिल्याच घासाला तांदूळ, सुकी मासळी, तिळाचं तेल सगळं जिभेवर हजर झालं, जणू कुणी दिवे लावले. मी वाटी पुसून खाल्ली. ऑलिवेरोनेही.

"आंटी, मी चुकलो," तो सरळ म्हणाला. "पण नियम नियम आहे. तुमच्या चाखण्याशिवाय मला पाठवता येणार नाही."

खिम चमच्याकडे बघत राहिली. हात मांडीवरून उठेना. सोळा वर्षं त्या एका चमच्यावर अडली होती.

मग मला सुचलं. "खिम, नैवेद्य झाल्यावर तू काय करायचीस?"

"सगळ्यांना वाढायची."

"आणि स्वतः?"

"सगळ्यांनंतर जेवायची."

"आम्ही सगळे जेवलो. हा बघ पुरावा." मी रिकामी वाटी उलटी धरली.

तिने हात जोडले, चमचा उचलला आणि डोळे मिटले. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ चेहरे रंगवले, पण तो चेहरा मला साधला नसता. आधी नवल, मग हसू. आणि मग एकदम कपाळाला आठी.

"आलं लागतच नाहीये!"

"काय?" ऑलिवेरो दचकला.

"आल्याचा वासच मेलाय वर. अरे देवा, सोळा वर्षं मी लोकांना आल्याशिवाय जेवू घातलं!"

"आंटी, सगळ्यांना आवडलीय. सही करा आणि सोडवा मला."

"त्यांना काय माहीत, त्यांचं काय राहिलंय ते? थांबा जरा."

दार उघडलं तशी ती वाटी तिथेच ठेवून भट्टीकडे धावली. आम्ही तास-दीड तास बसलो. ऑलिवेरोही बसला, घड्याळ बघत, पण बसला. नवी पेज आली, ताज्या आल्याने पिवळसर झालेली. दार पुन्हा लागलं. आधी आम्ही खाल्ली. घशात ऊब उतरली, कपाळावर घाम आला. शेवटी ती जेवली, उभ्याउभ्या, वाटी संपेपर्यंत.

"आता पोचेल," ती म्हणाली, आणि सही करायला तिने पेन मागितलं.