जागा सोड, लातूर!

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशीच भांडत होते. मनातल्या मनात, पण अगदी तावातावानं. आदल्या संध्याकाळी त्यानं माझा धडा परत पाठवला होता आणि मी जीव तोडून लिहिलेल्या मजकुरातलं एकच वाक्य पडद्यावर उरलं होतं. बाकी सगळं साफ. खाली त्याचा नेहमीचा शेरा, 'जागा सोड, लातूर!' लातूर म्हणजे मी. मी तिकडची, म्हणून हिंजवडीच्या ऑफिसात त्यानं पहिल्याच दिवशी माझं असं बारसं करून टाकलं होतं. तर याला आता कसं झापायचं याची मी तयारी करत होते आणि फोनवर त्याचा थोरला भाऊ, बाळूदादा, बोलत होता, "ताई, दत्ता गेला वं... छातीत दुखतंय म्हनला, दवाखान्यात न्यायला गाडीत घातला... वाटंत सूसपातुर बी पोचलो न्हाई." मी फोन ठेवला, तरी माझा राग तसाच होता. अजूनही आहे. आता तो काढायचा कुणावर?

आम्ही कॉम्प्युटरवर बसून शिकायचे कोर्स बनवायचो. मजकूर मी लिहायचे, तो पडद्यावर मांडायचा दत्ता. तो हिंजवडीजवळच्या नांदे गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला. पुण्यात चित्रकलेचं रीतसर शिकून आलेला, पण बोली मात्र गावची, आणि ती त्यानं अर्ध्या इंग्रजीतल्या मीटिंगांमध्येही बदलली नाही. एखादा पडदा तयार झाला की खुर्ची मागे ढकलून तो पार पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभा राहायचा, डोळे किलकिले करायचा आणि मलाही तिथं ओढायचा. "आता सांग, पयलं काय दिसतं?" जे पहिलं दिसेल तोच त्या पडद्याचा धडा, बाकी सगळं त्याच्या मागं, असं त्याचं म्हणणं. एकमेकांशी संबंध असलेलं जवळ ठेव, नसलेलं लांब कर. ओळी एका कडेपासून सुरू कर. रंग हाक मारायला असतो, नटायला नाही. मी कुरकुरले की म्हणायचा, "अगं, भाताची लावणी करताना दोन रोपांत वीतभर जागा सोडत्यात. खेटून लावलंस तर नुसता पेंढा येतोय, दाणा न्हाई. समदेच वरडाय लागले तर ऐकायचं कुनाचं?" पटायचं हो. पण कापली जायची ती माझी वाक्यं, त्यामुळे अंगाचा तिळपापड व्हायचा.

ऑफिसात मात्र आम्ही दोघं एका बाजूला आणि अख्खी दुनिया दुसऱ्या बाजूला. एकदा कारखान्यातल्या कामगारांसाठी धडा होता. मशीन आधी बंद करा, मगच झाकण उघडा, एवढंच सांगायचं होतं. दत्तानं तेवढंच ठेवलं होतं, मोठ्या अक्षरात, भोवती मोकळं. साहेबांनी त्यावर कंपनीचा गरगर फिरणारा लोगो चढवला, उडत येणारी अक्षरं घातली, मागं इंद्रधनुष्य आणि कोपऱ्यात टाळ्या वाजवणारे हात. दत्ता भर मीटिंगमध्ये साहेबांना कूलरपाशी घेऊन गेला. "पयलं काय दिसतं, सर?" साहेब बिचारे खरं बोलले, "लोगो." दत्ता म्हणाला, "मंग मशीनमदी त्या मानसाचा हात गेल्यावर त्याला लोगोच दावा." मला वाटलं, जिंकलो! कसलं काय... दुसऱ्या दिवशी धडा लोगोसकट, इंद्रधनुष्यासकट गेला. "क्लायंटला भरगच्च लागतं रे दत्ता," साहेब म्हणाले. भरगच्च! हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं सटकतं.

मग आम्ही ठरवलं, आपणच एक कोर्स काढायचा. जे मास्तर, ज्या बाई नव्यानं असे ऑनलाइन धडे बनवायला लागल्यात त्यांच्यासाठी, पडदा कसा मांडावा याचा. शनिवारी मी नांद्याला जायचे. त्याचं घर नवं, सिमेंटचं, वर आयटीतली भाडेकरू पोरं, मागच्या दारी गोठा आणि पेंढ्याची गंजी. आम्ही पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून एकमेकांचे कान किटवायचो. मी धडा पुरा केला की हा त्यातलं काढत सुटायचा. "अरे, शिकणाऱ्याच्या हातात काहीतरी दे की मेल्या!" "देतुया की. डोळ्याला इसावा देतुया." त्याची आई चहा घेऊन यायची, दारातच थांबायची आणि म्हणायची, "तुमी शाळा काडताय का कोरट?" ती फार बोलायची नाही. चहा ठेवून पुन्हा गोठ्याकडे. कोर्स काही पुरा झाला नाही. व्हायचाच नव्हता, हा असा निम्म्यात उठून जाणार होता तर.

दहाव्याच्या आधी बाळूदादाचा फोन आला. "ताई, फ्लेक्स करायचाय चौकात लावाय. तुमी लिवणाऱ्या, तेवढं बघा." मी म्हटलं, हे मी करणार. जन्मभर त्याचं कुणी ऐकलं नाही, निदान हा एक पडदा तरी त्याच्या मनासारखा होऊ दे! फ्लेक्सवाल्याच्या दुकानात मी बसून सांगितलं. डावीकडे फोटो, शेजारी नाव, बाकी पांढरं. दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. "मॅडम, लोकं म्हनतील छपाई चुकली." आणि बाळूदादानं खिशातून नावं काढली. शोकाकुल म्हणून मामा, चुलते, मेव्हणे, सरपंच, मित्रमंडळ, प्रत्येकाचा फोटो गोलात. मी म्हटलं, "दादा, दत्ताला हे आवडलं नसतं." "त्याला आवडायचं ते कंपनीत, ताई. आमाला हितं भावकीत ऱ्हायचंय." मी तरी हट्टानं वाद घालत राहिले, तेव्हा तो एकदम रडायलाच लागला. "ह्यातल्या येकेकानं खांदा दिलाय त्याला. कुनाला काडू, तुमीच सांगा..."

मी नावांची यादी दुकानदाराकडे सरकवली. फ्लेक्स झाला. झेंडूची किनार, तेवता दिवा, उडणारी कबुतरं, मागं धबधबा, लाल-पिवळी फुगीर अक्षरं, आणि एवढ्या गर्दीत दत्ता, जागेत बसेना म्हणून आडवा ताणलेला. दहाव्याला मी चौकात लांब जाऊन डोळे किलकिले केले. पहिला दिसला तो सरपंच. इतकी चीड आली की जेवायलाही थांबले नाही. रिक्षात बसून त्यालाच शिव्या घालत आले... बघ, तुझ्या मरणाचा पडदाही यांनी भरगच्च करून टाकला!

परवा पुन्हा नांद्याला गेले. कोर्सच्या फायली त्याच्या कॉम्प्युटरवर होत्या. चौकात आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. घरात कुणी दिसेना म्हणून मागच्या दारी गेले, तर पेंढ्याच्या गंजीवर काहीतरी पांढरंशुभ्र पसरलेलं, कडांना दोरीनं दगड बांधलेले. त्याची आई दोरी ताणत होती. जवळ गेले तेव्हा कडेला झेंडू दिसला. तोच फ्लेक्स, छापील बाजू खाली.

"आई, उलटा का घातलाय?"

"मंग काय करू बाई? उनानं रंग उडतोय. त्याचं त्वांड खाली सावलीत ऱ्हाऊ दे."

पाय आपोआप मागं मागं गेले, गोठ्याच्या भिंतीपर्यंत, आणि डोळे आपोआप किलकिले झाले. वरपासून खालपर्यंत नुसतं पांढरं, आणि त्याच्यासमोर हिरव्या लुगड्यातली ती, पदरानं हात पुसत उभी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लखकन चमकलं. त्या सगळ्या मामा-मेव्हण्या-सरपंचांच्या गर्दीत हिचं नावच नव्हतं. दादाच्या नाही, दुकानदाराच्या नाही, कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

पयलं काय दिसतं, लातूर?

आई दिसते रे दत्ता. आई.