बातमा एजे काय म्हणाल्या होत्या

आमच्या गावात पस्तिशीच्या आतलं जे कुणी आहे, ते बहुतेक बातमाकानच्या हातात जन्मलेलं आहे. मीसुद्धा. गाव त्यांना बातमा एजे म्हणतं. एजे म्हणजे थोरली बहीण, पण सत्तरीच्या म्हाताऱ्याही त्यांना एजेच म्हणायच्या. त्या डॉक्टर नव्हत्या. नारिन शहरात तीन वर्षं वैद्यकी शिकून गावच्या दवाखान्यात रुजू झाल्या आणि तिथेच राहिल्या. डॉक्टर बसायचा तालुक्याला आणि बर्फ पडलं की घाट चार महिने बंद, त्यामुळे डॉक्टरची सगळी कामं त्यांच्याच गळ्यात. गारठून काळी पडलेली बोटं त्यांनी कापली, आडवी आलेली बाळं फिरवली. नवरा घोड्यावरून पडून गेला त्या दिवशी त्या वरच्या पाड्यावर बाळंतपणात अडकल्या होत्या. निरोप पोचला, तरी बाळ बाहेर आल्यावरच घोड्यावर बसल्या. यावरून सासरच्यांनी त्यांना आयुष्यभर बोल लावला. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही.

बोलणंच कमी. जे बोलायच्या ते तोंडावर. माझ्या वडिलांना म्हणाल्या होत्या, "दारू सोडली नाहीस तर पुढच्या वसंतात तुला पुरायला यावं लागेल." वडिलांनी सोडली नाही. वसंतात पुरलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांनी माइरामबेक त्यांच्या दारात आला. माइरामबेक परदेशी शिकाऱ्यांना रानमेंढ्याच्या शिकारीला न्यायचा. सीमेवरच्या चौकीच्या पलीकडे, साडेतीन हजार मीटरवर, त्याचा तळ होता: राहायला चार जुने लोखंडी डबे, एक न्हाणी, एक स्वयंपाकघर. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. पानगळीच्या दिवसांत सुट्टी टाकून मी त्याच्याकडे दुभाष्याचं काम करायचो आणि उन्हाळाभर त्याची पत्रंही लिहायचो.

या शिकाऱ्यांच्या पत्रांत मेंढ्यांपेक्षा स्वतःच्याच जिवाचे प्रश्न जास्त असत. रस्त्यात लुटालूट होते का? पाणी उकळलेलं मिळेल का? उंचीचा त्रास झाला तर प्राणवायू आहे का? हेलिकॉप्टर किती वेळात येतं? तळावर कुणी वैद्यकीय माणूस असतं का?

"सगळ्याला हो लिही," माइरामबेक सांगायचा. "घाबरलेला पाहुणा दुसऱ्या देशात जातो."

"हेलिकॉप्टरचं काय लिहू, बाइके?" मी त्याला थोरला भाऊ म्हणायचो.

"तीन तास लिही."

सीमेच्या पट्ट्यात हेलिकॉप्टरला परवानगी मिळायलाच दीड दिवस लागतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तीन तास लिहिलं.

वैद्यकीय माणसाच्या प्रश्नासाठी त्याला एजे हव्या होत्या. पांढऱ्या डगल्यातला त्यांचा फोटो त्यानं माहितीपत्रकात छापला. एजे तयार झाल्या त्या पैशांसाठी असं गाव म्हणतं. मला तसं वाटत नाही. घरी बसून त्या आंबून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या पोरीनं दवाखान्याचं कुलूपही बदललं होतं.

तळावर पोचल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी प्राणवायूचं नळकांडं उघडून पाहिलं. रिकामं. आमच्या ड्रायव्हरनं जीपचा तुटलेला पाटा वेल्डिंग करून जोडताना ते वापरून संपवलं होतं.

"हे भरून आण," त्या माइरामबेकला म्हणाल्या.

"पुढच्या खेपेला आणतो, एजे."

"पुढच्या खेपेला माणूस श्वास घेणार आहे का?"

तो हसला. दोन खेपा झाल्या, नळकांडं तसंच राहिलं. हंगामाच्या सुरुवातीला त्यानं त्यांच्यापुढे पंधरा कोरे फॉर्म ठेवले होते, पाहुण्यांच्या तपासणीचे. "वर गेल्यावर लिहिण्याची गडबड नको, सह्या आत्ताच करून द्या." तीस वर्षं लसीकरणाच्या कोऱ्या कागदांवर अशाच सह्या करत आलेली बाई. त्यांनी केल्या. ही चूक त्यांची, आणि त्यांनी ती कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस हाल्वार आला. नॉर्वेचा, चौसष्ट वर्षांचा, उंच, मोठ्यानं हसणारा. सगळ्यांना आवडला. आमच्या म्हाताऱ्या वाटाड्याला, जुमाशला, त्यानं आल्या आल्या स्वतःचे हातमोजे काढून दिले. एजेंनी त्याच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, पुन्हा लावला. मग खाली वाकून त्याच्या मोज्याची कड सरकवली आणि घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि भरून यायला वेळ लागला.

"याला विचार, हृदयाचं काही आहे का?"

मी विचारलं. हाल्वारनं मान हलवली. त्याच्या उशाशी पत्र्याची एक डबी होती. एजेंनी ती उघडली. आत तीन रंगांच्या गोळ्या.

"जीवनसत्त्वं," तो म्हणाला. "बायको देते."

"ही जीवनसत्त्वं नाहीत," एजे मला म्हणाल्या. "याला सांग, दोन दिवस इथून हलायचं नाही. आकडा चढला नाही तर खाली. वर चढला तर हा मरेल."

माइरामबेक दारात उभा होता. हंगामाच्या आधीच त्यानं मला बजावलं होतं: "पाहुण्याला भीती घातलीस, तर पुढल्या वर्षी दुसरा दुभाष्या." आणि खोटं कशाला बोलू, शिकार झाली की पाहुणा खूश होऊन दुभाष्याच्या हातात काही ठेवतो. माझ्या डोक्यात तेही होतंच.

मी हाल्वारला म्हणालो, "बाई म्हणतात, थोडी विश्रांती घेतलीत तर बरं."

तो हसला. "मी अलास्कात अस्वल मारलंय. त्यांना सांग, काळजी नको."

एजेंनी त्याचं हसणं पाहिलं, मग माझ्याकडे. "मी मरेल म्हटलं आणि हा हसतो?"

"तसाच आहे तो, एजे," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी जुमाश हाल्वारला घेऊन घोड्यांवरून वर गेला. एजेंनी सोबत जायचं म्हटलं, तर माइरामबेक म्हणाला घोडे कमी आहेत. दोन घोडे त्या दिवशी तळाच्या मागे नुसते चरत होते.

चौथ्या दिवशी दुपारी ते परत आले. मेंढा मिळाला होता, मोठा, शिंगांची दीड वेटोळी झालेला. हाल्वार खोगिरावर पुढे झुकून बसला होता आणि खोकत होता. तो ओला खोकला मी आधी ऐकला नव्हता. जुमाशनं त्याला उतरवलं, तसं तो म्हातारा हळूच म्हणाला, "एजे, हा रात्रभर बसूनच होता. आडवा झाला की घुसमटायचा."

पण आधी फोटो. माइरामबेकनं त्याला मेंढ्याच्या डोक्यामागे बसवलं. खोकल्यामुळे पहिला फोटो हलला, म्हणून दुसरा, मग तिसरा. एजे चालत मधे गेल्या आणि हाल्वारच्या छातीला कान लावला.

"जीप काढा," त्या म्हणाल्या. "आत्ता. उजेड आहे तोवर नदी ओलांडता येईल."

"एजे, जेवण मांडलंय," माइरामबेक म्हणाला. "त्याचा आनंदाचा दिवस आहे. सकाळी नेऊ."

त्या माझ्याकडे वळल्या. "कुबात, याला स्पष्ट सांग. छातीत पाणी भरलंय. आत्ता खाली गेला नाही तर उद्याचं पाहणार नाही."

मी सांगितलं, "त्या म्हणतात, खाली गेलेलं बरं पडेल."

"उद्या," हाल्वार म्हणाला. "न्याहारी करून." त्याचे ओठ शाईसारखे झाले होते, तरी तो हसण्याचा प्रयत्न करत होता.

एजे ड्रायव्हरकडे गेल्या, चावी मागितली. ड्रायव्हरनं माइरामबेककडे पाहिलं आणि चावी खिशातच ठेवली. मग त्या हाल्वारच्या डब्यात जाऊन बसल्या. त्याच्या पाठीमागे गाद्यांची थप्पी लावून त्याला बसतं ठेवलं, पिशवीत होत्या त्या गोळ्या दिल्या.

सकाळी त्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला, तेव्हा माइरामबेक जीपकडे पळत सुटला. मग सगळ्यांनाच घाई. हाल्वारला मागच्या बाकावर एजेंच्या मांडीवर टेकवलं. माइरामबेकनं बंदुकीची पेटीही जीपमध्ये टाकली. महागाची वस्तू, तळावर हरवली तर भरून कोण देणार?

"ती काढ," एजे म्हणाल्या. "चौकीवर अडवतील."

"कागद आहेत."

चौकीवर अडवलं. शिपाई कोवळा होता, नियम पाठ केलेला. ज्याचं हत्यार त्यानं स्वतः उतरून सही करायची.

"तो मरतोय, बाळा," एजे म्हणाल्या.

"मला वरून विचारावं लागेल."

तो विचारायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही. मी बाहेर उभा राहून कागद दाखवत होतो. शेवटी तो बाहेर आला, तशी एजेंनी खिडकीतून हात काढून त्याच्याकडे सहीची वही मागितली, हाल्वारच्या बोटांत पेन धरवलं आणि त्याच्या हातानं एक रेघ ओढली. फाटक उघडलं. पुढच्या वळणापाशी त्या म्हणाल्या, "आता सावकाश चालव." ड्रायव्हरला कळलं नाही. मला कळलं.

चौकशी झाली. प्रांताहून एक अधिकारी आला, शाळेच्याच खोलीत बसला. माइरामबेकनं फॉर्म पुढे केला: हाल्वारचं नाव, 'प्रकृती उत्तम, चार हजार मीटरच्या वर जाण्यास हरकत नाही', खाली एजेंची सही. एजे म्हणाल्या, "सही माझी, अक्षर माझं नाही." मग अधिकाऱ्यानं मला विचारलं, "बाईंनी पाहुण्याला नेमकं काय सांगितलं?"

माइरामबेक खिडकीपाशी सिगारेट ओढत होता.

"विश्रांती घ्या, खाली गेलेलं बरं, असं," मी म्हणालो.

हाल्वारच्या कानावर पडलं ते एवढंच होतं, म्हणजे मी खोटं बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. एजेंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तेव्हाच त्यांना पहिल्यांदा उमगलं असावं की मरेल म्हटल्यावर तो माणूस का हसला होता.

त्यांचं प्रमाणपत्र रद्द झालं. माइरामबेकला काही झालं नाही. त्यानं कंपनीचं नाव बदललं. गावात लोक कुजबुजायला लागले: म्हातारी झाली, नजर गेली, परदेशी माणूस मारला. एजेंच्या हातात जन्मलेली पोरंच हे बोलत होती.

पुढच्या जूनमध्ये हाल्वारची बायको आली. इंगुन नाव, बारीक, केस पांढरे. तिला ती जागा बघायची होती आणि जिच्या मांडीवर नवरा गेला त्या बाईला भेटायचं होतं. गावात इंग्रजी बोलणारा मीच. मी तिला एजेंच्या घरी घेऊन गेलो. एजेंनी चटई अंथरली, कणकेचे बोरसोक तळून ठेवले होते ते पुढे केले, चहा ओतला. मग मला म्हणाल्या,

"कुबात, आज मी बोलेन तेवढंच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही काढायचं नाही."

"बरं, एजे."

"तिला सांग, पहिल्याच दिवशी मी म्हणाले होते, हा माणूस वर चढला तर मरेल."

मी सांगितलं.

इंगुननं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या गोळ्या मी भरल्या होत्या. मूळ डब्या घरी ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर त्याला कुणी नेलं नसतं, आणि गेला नसता तर तो घरात बसून माझं डोकं खात राहिला असता. मीच म्हटलं, जा बाबा." मी तिचे शब्द एजेंना जसेच्या तसे सांगितले. एजेंनी मान हलवली, जणू एवढं त्यांना त्या घोट्यावरूनच कळलं होतं.

मग इंगुन माझ्याकडे वळली. "यांनी मरेल म्हटलं, तेव्हा तो काय म्हणाला?"

हा प्रश्न मलाच होता. मी एजेंकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मी त्याला ते सांगितलं नाही," मी म्हणालो. "मी विश्रांती घ्या म्हणालो."

तिनं शिवी दिली नाही, ती रडलीही नाही. उठली, एजेंचे दोन्ही हात हातात घेतले, आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. तालुक्यापर्यंत चार तास मी पुढच्या सीटवर होतो. तिनं एकदाही मला काही विचारलं नाही.

परत आल्यावर मी एजेंकडे गेलो. म्हटलं, अधिकाऱ्याकडे जातो, जबानी बदलतो.

"जा," त्या म्हणाल्या.

मी गेलो. कारकुनानं फाइल बंद झाल्याचं सांगितलं, तरी अर्ज ठेवून घेतला. दोन वर्षं झाली, उत्तर नाही. मी गावात चार जणांना खरं सांगितलं, तर ते म्हणाले, मास्तर, आता कशाला उकरून काढता?

परवा माझ्या आईला छातीत दुखायला लागलं. नवी पोरगी तालुक्याला गेली होती. मी एजेंच्या दारात उभा राहिलो. त्या चपला घालून निघाल्या, आईची नाडी पाहिली, इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत उशाशी बसून राहिल्या. उठताना आईशी चार शब्द बोलल्या, औषध कसं घ्यायचं ते माझ्या बायकोला समजावलं. मी दारापर्यंत पोचवायला गेलो. माझ्याशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.