खंडेनवमीला बंद केलेले यंत्र

उदगीरच्या मोंढ्यामागे एका शेतमाल संस्थेचे गोदाम आहे आणि गोदामाला लागून एक लहान खोली. खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि अखंड चालणारा एक संगणक असतो. संस्थेचे संकेतस्थळ या संगणकावरून चालते, म्हणून सगळे त्याला सर्व्हर म्हणतात. बासष्ट गावांतले सभासद सोयाबीन कोणत्या दिवशी आणायचे याचा नंबर मोबाइलवरून या संकेतस्थळावर घेतात. नंबर नसला तर ट्रॅक्टर दोन-दोन दिवस रस्त्यावर उभा राहतो.

या खोलीची जबाबदारी वर्षाराणीकडे आहे. ती हिमायतनगरची. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. तिने नांदेडला संगणकशास्त्राचे शिक्षण घेतले. वर्गातल्या बहुतेकांनी पुण्याची वाट धरली आणि ही उदगीरला आली. कुणी कारण विचारले तर सांगे, "तिथं हजार मशिनींतला एक खिळा सांभाळायला मिळाला असता. इथं एकच मशीन आहे, पण सगळं माझ्या हातात आहे." या उत्तरात अभिमान होता आणि तो अस्थानी नव्हता.

तिने आल्या आल्या एक वही सुरू केली. ती खोलीच्या दारामागे खिळ्याला सुतळीने बांधलेली असे. सर्व्हरमध्ये एक ओळ जरी बदलली, तरी तारीख, काय केले, का केले आणि सही, एवढे त्या वहीत आलेच पाहिजे, असा तिचा दंडक होता. तो तिने शिपाई गुरुलिंगलाही लावला. गुरुलिंग अकरा वर्षांपासून रोजंदारीवर होता. खोली झाडणे, कुलूप लावणे, वीज गेली की बॅटरीवर लक्ष ठेवणे ही त्याची कामे. सातवी शिकलेला हा माणूस 'पंखा पुसला. गुरुलिंग.' एवढेदेखील निष्ठेने लिहीत असे.

सर्व्हर डिसेंबरात आला होता, त्यामुळे त्याची ती पहिलीच खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती देण्याची रीत या भागात सगळीकडे पाळतात. वजनकाटा, हातगाड्या, ट्रॅक्टर पुसायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांच्याकडून काम घ्यायचे नाही. वर्षाराणी सणाला गावी गेली होती. गुरुलिंगने काट्याची पूजा केली, तशीच सर्व्हरचीही केली. बॅटरीसकट सगळा पुरवठा तोडणारा मेन स्विच खाली पाडला, यंत्र कोरड्या फडक्याने पुसले, झेंडूची माळ घातली, उंबऱ्यावर नारळ फोडला. मग वहीत लिहिले, 'खंडेनवमी. मशीन बंद. पूजा. गुरुलिंग.' दुसऱ्या दिवशी स्विच वर केला, हिरवे दिवे लागलेले पाहिले आणि तेही लिहिले.

संकेतस्थळ मात्र उघडले नाही.

वर्षाराणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बसस्थानकावरून थेट गोदामात आली, तेव्हा अध्यक्ष हणमंतराव खोलीच्या दारात वही हातात धरून उभे होते.

"नारळाचं पाणी शिरलं आत, दुसरं काय!" ते म्हणाले. "अकरा वर्षं सांभाळलं याला. चांगले पांग फेडले."

"साहेब, नारळ भाईर उंबऱ्यावर फोडला म्या," गुरुलिंग म्हणाला. "मशीन तिथून चार हात लांब हाय."

वजनाच्या नोंदी करणारी शरणम्मा काट्याजवळून ओरडली, "पाणी कुठं सांडलं हो साहेब? गिलासात धरून तुम्हीच तर पिला. मला नुसतं खोबरं आलं!"

"तू काटा बघ, शरणम्मा." हणमंतरावांनी वही वर्षाराणीपुढे धरली. "पोरी, दोन वाजता नंबर सुटायचे हायत. तू मशीन चालू कर. पण बिघाड याच्या हातचा निघाला, तर चारच्या बैठकीत याला घरी बसवायचा ठराव मांडतो. साक्षीला वही हाय. यानंच लिहून दिलंय."

तिचाच दंडक. तो प्रामाणिकपणे पाळला, म्हणून हा माणूस सापडला होता.

"आधी बघू द्या, साहेब," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय कुणाचंच नाव घेऊ नका."

ती टेबलाशी बसली. पहिला प्रश्न होता, यंत्र जिवंत आहे का? तिने आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरला हाक दिली, त्याने लगेच ओ दिली. तिने आत प्रवेश केला. डिस्क शाबूत, सभासदांची यादी शाबूत, एकही नोंद खराब झालेली नाही.

"गुरुलिंगमामा, नारळ सुटला," ती मागे न बघता म्हणाली. "पाण्यानं काही झालेलं नाही."

तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. अकरा वर्षे रोज झाडलेल्या खोलीत पाऊल टाकायला आज तो धजत नव्हता. "मग स्विचनं झालं का, ताई? म्या पाडला त्यो."

"थांबा. अजून ठरलेलं नाही."

बिघाड आता एका जागी आला होता. संगणक चालू होता, पण येणाऱ्याला पान उघडून देणारा वेब सर्व्हरचा प्रोग्राम बंद पडला होता. दुकानाचे दार उघडे, दिवे लागलेले, पण गल्ल्यावर माणूस नाही, असा प्रकार. तिने प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञा दिली. तो क्षणभरात पुन्हा थांबला. अशा वेळी बहुतेक जण यंत्र पुन्हा बंद-चालू करून नशीब अजमावतात. तिने तसे केले नाही. थांबण्यापूर्वी प्रोग्राम स्वतःच एका फाइलमध्ये कारण लिहून ठेवतो, ती फाइल तिने उघडली आणि शेवटची ओळ वाचली.

मुरुड केंद्राचे प्रमाणपत्र ठरलेल्या जागी सापडत नाही, म्हणून प्रोग्राम थांबला, असे त्या ओळीत होते.

ऑगस्टमध्ये संस्था मुरुडला खरेदी केंद्र काढणार होती. त्या केंद्राच्या स्वतंत्र पानासाठी वर्षाराणीने प्रोग्रामच्या मांडणीच्या फाइलमध्ये बारा ओळी आधीच घालून ठेवल्या होत्या. मुरुडचे सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे पान अस्सल असल्याची खूण पटवणारी फाइल, कुठे मिळेल, तो पत्ताही त्यांत होता. पुढे केंद्र लांबणीवर पडले, प्रमाणपत्र कधी आलेच नाही, पण ओळी राहिल्या. प्रोग्राम ही फाइल सुरू होताना वाचतो, एरवी तिच्याकडे बघत नाही. त्यामुळे दोन महिने तो जुन्या मांडणीवर सुरळीत चालला. खंडेनवमीला तो पहिल्यांदाच थांबला आणि दसऱ्याला पहिल्यांदाच त्याने त्या बारा ओळी वाचल्या.

तिने फाइलची तारीख पाहिली. अकरा ऑगस्ट. मग वही उघडली. नऊ ऑगस्टची नोंद होती, चौदाची होती, अकराची नव्हती. काम पुरे झाले की एकदमच लिहू, असे तिने त्या दिवशी मनाशी म्हटल्याचे तिला स्पष्ट आठवले.

त्या यंत्राचा पासवर्ड फक्त तिच्याकडे होता. ती ओळ वाचणारेही तिच्याशिवाय त्या आवारात कुणी नव्हते.

तिने बारा ओळी बाजूला काढल्या. प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी फाइल तपासून घेण्याची एक आज्ञा असते, ती दिली. ऑगस्टमध्ये तिने हेच केले असते, तर चूक तिथेच कळली असती. फाइल निर्दोष ठरली. तिने प्रोग्राम सुरू केला. एक वाजून पाच मिनिटे झाली होती.

"लागलं!" काट्यावरून शरणम्माचा आवाज आला. "ओ साहेब, माझ्या फोनवर लागलं!"

दोन वाजता नंबर सुटले. हणमंतराव समाधानाने खुर्चीत टेकले. "शाब्बास. स्विचनंच बिघडलं होतं ना?"

"नाही, साहेब. माझ्या हातचं आहे." तिने मुरुडच्या ओळींची हकीकत सांगितली, वहीतली मोकळी जागा दाखवली.

हणमंतरावांनी आवाज उतरवला. "हे बघ, तुझं नाव कशाला बैठकीत आणतीस? स्विच तर त्यानं पाडलाच हाय, ते काई खोटं न्हाई. तुझ्यावाचून संस्थेचं अडतंय. गुरुलिंगसारखा उद्या दुसरा मिळंल."

हणमंतराव दुष्ट नव्हते. ज्याच्या जागी दुसरा माणूस सहज मिळतो, त्याच्या माथी दोष मारला तरी चालते, हा हिशेब आपल्या संस्थांत इतका रुळलेला आहे की तो मांडताना कुणाला आपण अन्याय करत आहोत असे वाटतच नाही. वर्षाराणीचे वडील वीस वर्षे दुसऱ्याच्या बांधावर राबले होते. बैल लंगडला, मोटार जळली की पहिले नाव कुणाचे निघते, हे तिने घरात ऐकले होते.

"मी बैठकीत वही वाचून दाखवणार आहे," ती म्हणाली. "त्याआधी ती पुरी करते."

तिने त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिले, 'अकरा ऑगस्टला मुरुडच्या ओळी घातल्या. तपासल्या नाहीत. नोंद केली नाही. त्यामुळे दसऱ्यापासून संकेतस्थळ बंद राहिले. वर्षाराणी.' चारच्या बैठकीत तिने हे उभे राहून वाचले. स्विच पाडणेही धोक्याचे होते, त्याने डिस्क जाऊ शकली असती, हे तिने लपवले नाही. पण मशीन कसे बंद करायचे हे गुरुलिंगला आपण कधी शिकवले नव्हते, असेही सांगितले. ठराव मांडलाच गेला नाही. वर्षाराणीला लेखी समज मिळाली. ते पत्र तिने वहीतच चिकटवले.

बाहेर गुरुलिंग उभा होता. "ताई, इथून पुढं म्या पूजाच करत न्हाई."

"पूजा करायची. बंदही करायचं," ती म्हणाली. "वर्षातून एकदा हे थांबलं नाही, तर माझ्यासारखीनं काय काय अर्धवट ठेवलंय ते कळणार कसं? फक्त माझ्यासमोर करायचं."

पुढच्या खंडेनवमीला ती गावी गेली नाही. एक दिवस आधी तिने मांडणीच्या सगळ्या फाइली वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. संकेतस्थळ बंद राहील, अशी सूचना सभासदांना आठवडाभर आधी गेली होती. सकाळी तिने यंत्र आज्ञा देऊन रीतसर बंद केले, मग गुरुलिंगने स्विच पाडला. पूजा झाली. नारळ मात्र त्याने थेट फाटकाबाहेर नेऊन फोडला.

"अजून लांब जा की, तळ्यावर!" शरणम्मा म्हणाली. तोही हसला.

दसऱ्याच्या सकाळी दोघे पुन्हा खोलीत आले. गुरुलिंगने स्विच वर केला आणि या वेळी उंबऱ्याच्या आत, तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. दिवे लागले. ती दिव्यांकडे न बघता फोनकडे बघत होती.

"लागलं का, ताई?"

पान पूर्ण उघडले, तिने त्यातून त्या वर्षी सुरू झालेल्या मुरुडसह तीन केंद्रांचे नंबर काढून पाहिले, आणि मगच वही सुतळीसकट त्याच्याकडे सरकवली.

"लागलं. तुम्ही लिहा. खाली मी सही करते."