झेनोनच्या डब्यावरची वीट

आमच्या गल्लीत कुठल्या आठवड्याला कुठला कचऱ्याचा डबा बाहेर काढायचा, हे कुणी लक्षात ठेवत नसे. म्युरिएल एन्टविसलच्या मागच्या दाराशी बघायचं. तिचा तपकिरी तर आपला तपकिरी, तिचा काळा तर आपला काळा. कुणाचं झाकण नीट बसलं नसेल तर ती दार ठोठावून सांगायची, "बाई, तुमच्या डब्याने आ वासलाय." मग त्या घरचं माणूस हातातला चहा ठेवून झाकण दाबायला पळायचं.

म्युरिएल आणि मी एकाच गिरणीत होतो. मागांच्या खडखडाटात तिथे आवाज चालतच नसे. ओठ हलवायचे आणि समोरचीने ते वाचायचे, ही लँकशायरच्या गिरणीतल्या बायकांची विद्या. मी या देशात नवी आले तेव्हा इंग्रजी कानाने शिकायच्या आधी म्युरिएलच्या ओठांवरून शिकले. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी काही खाजगी सांगायचं झालं की ती अजून गल्लीपलीकडून नुसते ओठ हलवते.

नवरा गेल्यावर तिला उरली एक मांजर, पुडिंग. नावासारखीच गुबगुबीत. पण गेल्या वर्षी ती दिवसभर खायला लागली आणि तरी वाळत चालली, उगाच ओरडत घरभर फिरायची. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी उधळलीय. गोळ्या दिल्या. पुडिंग गोळी गालात धरायची आणि म्युरिएलच्या चपलेत नेऊन थुंकायची. शेवटी तिला जनावरांच्या मोठ्या इस्पितळात नेऊन किरणोत्सारी आयोडीनचं इंजेक्शन दिलं. ते म्हणे सरळ त्या बिघडलेल्या ग्रंथीत जाऊन बसतं आणि तेवढाच भाग जाळतं. पण मग काही दिवस मांजरच किरणं सोडत राहते, म्हणून तिला बंद खोलीत ठेवतात. कुणी भेटायचं नाही. म्युरिएलने सोबतीला आपला स्वेटर दिला. तो परत मिळायचा नाही असं कळल्यावर म्हणाली, राहू दे, तसेही त्याच्यावर लोकरीपेक्षा तिचेच केस जास्त होते.

पुडिंग बरी होऊन आली ती नियम घेऊनच. काही आठवडे मांडीवर घ्यायचं नाही, अंथरुणात घ्यायचं नाही. तिच्या शी-शूची वाळू पिशव्यांत बांधून अंगणातल्या खोपटात ठेवायची आणि त्यातला जोर ओसरला की मगच कचऱ्यात टाकायची. म्युरिएलने सगळं पाळलं. मांजर मांडीकडे आली की ही उठून उभी राहायची. तिचा चहासुद्धा उभ्याने व्हायला लागला.

मग उन्हाळा तापला आणि खोपटाला वास सुटला. पलीकडच्या एकीने सहज विचारलं, कुणाच्या अंगणातून येतोय गं हा वास? जिने जन्मभर दुसऱ्यांच्या डब्यांना नाक मुरडलं, तिला ते फार झोंबलं. कचरा न्यायच्या दिवशी सकाळी तिने सगळ्यात घाण वास येणारी पिशवी उचलली. तिचा स्वतःचा डबा गच्च भरलेला, आणि तिच्या डब्याचं झाकण वर राहणं तर शक्यच नव्हतं. शेजारच्या झेनोनचा डबा नेहमी अर्धा रिकामा. पिशवी त्यात गेली. मांजराचं मूत ते, बॉम्ब थोडाच आहे, असं तिने स्वतःला समजावलं.

झेनोन हा आमचा पोलिश म्हातारा. एकटा राहतो, जुनी घड्याळं दुरुस्त करतो.

कचरा डेपोच्या फाटकात गाडी शिरताना किरणं ओळखणारा भोंगा वाजला. गाडी अडली. मग यंत्रं घेतलेली माणसं आमच्या गल्लीत आली आणि एकेका डब्याला यंत्र लावत चालली. झेनोनच्या रिकाम्या डब्याशी ते टकटकलं, कारण पिशवी गळली होती. माणसं घरात शिरली, तर अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या काट्यांच्या जुन्या घड्याळांशीही यंत्र टकटकलं. झालं. सोमवारी सगळी घड्याळं उचलून न्यायचं ठरलं. त्यात त्याच्या वडिलांचं मनगटी घड्याळही होतं. त्यांनी ते पोलंडहून कोटाच्या अस्तरात शिवून आणलेलं.

मासे-चिप्सच्या दुकानात रांग लागली की झेनोनच्या मागे जागा मोकळी राहायला लागली. कुणी म्हणे, हा आपल्या पोराबाळांना मारणार. म्युरिएल खिडकीशी बसून लोकांचे ओठ वाचायची आणि वाचलेलं गिळायची. झेनोन समोरून आला की पडदा ओढून घ्यायची.

सोमवारी गाडी आली. झेनोनने वडिलांचं घड्याळ रुमालात गुंडाळून स्वतःच बाहेर आणलं. गल्ली दारादारांत उभी होती. तेवढ्यात म्युरिएल बाहेर आली, केसही न विंचरता, आणि बोलायला लागली. पण आवाज फुटेना. नुसते ओठ हलत होते. ते वाचता येणारी गल्लीत आता मी एकटीच उरलेय, त्यामुळे सगळं मला कळलं आणि बाकी कुणालाच नाही.

"म्युरिएल," मी म्हटलं, "आवाज काढ गं. झेनोन गिरणीत नव्हता."

ती झेनोनकडे वळली. "ती पिशवी मी टाकली. माझ्या मांजराची. माझं झाकण बसत नव्हतं म्हणून."

यंत्रवाल्याने तिच्या खोपटाशी यंत्र लावून बघितलं आणि सुस्कारा सोडला. म्हणाला, भोंगा वाजला तो हिच्यामुळेच. असली जुनी घड्याळं पुष्कळांकडे असतात, काचा उघडू नका आणि उशाशी ठेवू नका म्हणजे झालं. गाडी रिकामी परत गेली.

झेनोनने घड्याळ खिशात टाकलं. "तुमचा कचरा माझ्या डब्यात आला, त्याचं काही नाही, बाई," तो म्हणाला. "पण मला बघून तुम्ही पडदा ओढत होतात."

दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्याच्या झाकणावर एक वीट आली.

म्युरिएलने डब्यांचा कारभार सोडला. गल्लीची पंचाईत झाली, निम्मी तपकिरी आणि निम्मी काळी. झाकणं आ वासून पडली, तरी हिने कुणाचं दार ठोठावलं नाही. मात्र दर आठवड्याला ती झेनोनच्या डब्यावरची वीट उतरवते, त्याचा डबा रस्त्याला नेते, रिकामा झाला की परत आणते आणि वीट आपल्याच हाताने वर ठेवते. मी म्हटलं, अगं, निदान वीट तरी ठेवू नकोस. तिने ओठांनीच उत्तर दिलं, त्याची आहे, काढायची तर त्याने काढावी.

मध्यंतरी पानगळ सुरू झाली तेव्हा एके सकाळी वीट जागेवर नव्हती. म्युरिएल घाबरीघुबरी होऊन गल्लीभर शोधत फिरली. शेवटी झेनोनच्याच मागच्या दाराशी सापडली. तिने ती उचलली, एप्रन पदरासारखा हातात घेऊन पुसली आणि डब्यावर नेऊन ठेवली. मागे दार धाडकन मिटलं.

"बाई, ती दार उघडं राहायला लावली होती मी," आतून झेनोनचा आवाज आला. "तुमचं मांजर आत बसलंय माझ्या टेबलावर. ते बाहेर जाणार कसं?"

म्युरिएलने वीट पुन्हा उतरवली, दार ढकललं आणि खाली वाकून वीट दाराला लावली. पुडिंग आत दिसत होती, पुन्हा अंग धरलेली, घड्याळांच्या मधोमध. म्युरिएल उंबऱ्याशी तशीच वाकून राहिली. आत जावं की माघारी फिरावं, हे तिला कळेना. मी माझ्या खिडकीतून ओठांनी सांगितलं, आत जा.

तिने वाचलं नाही. तिची मान खाली होती.